विचारा टीचरला : फणस, फुटबॉल आणि नकाशा

गेल्या महिन्यात याच पानावर मी सहज लिहून गेले की गोव्यात राहून पोहता येत नसेल आणि नकाशा वाचता येत नसेल तर माणसाने जरा तरी लाजावं. झालं! मेलबॉक्स भरून वाहायला लागला. काही जणांनी चांगलंच सुनावलंय, त्यातले दोघेतिघे माझेच जुने विद्यार्थी निघाले, पण बाकीच्यांनी खरोखर प्रश्न पाठवलेत आणि ते वाचताना लक्षात आलं की शाळेत ज्या गोष्टी आम्ही घाईघाईने ‘पोर्शन’ म्हणून उरकल्या त्याच आता लोकांना मोबाईलवर रोज अडतायत. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही. जे जमले ते घेतलेत, नावं गाळलीत.

टीचर, माझी मुलगी नववीत आहे. पुस्तकात लिहिलंय की बृहत् प्रमाणाचा नकाशा लहान भाग दाखवतो आणि लघु प्रमाणाचा मोठा भाग. मला वाटलं छापायची चूक असणार, मी तिला उलटं करून पाठ करायला लावलं, तिचे दोन मार्क गेले आणि आता ती माझ्याशी बोलत नाहीये. — एक आई, पेडणे

बाय, पुस्तक बरोबर आहे. पण तुमचीही फार चूक नाही, हा घोळ दरवर्षी वर्गातली अर्धी मुलं घालायची आणि एकदा तर मी स्वतः फळ्यावर घातलाय.

असं बघा. अंगणातला एक फणस पाच घरांत वाटला तर प्रत्येकाला वाटा मोठा येतो, तोच पन्नास घरांत वाटला तर दोन-दोन गरे. १:५०,००० हे प्रमाण म्हणजे एक भागिले पन्नास हजार, आणि १:५,००,००० म्हणजे एक भागिले पाच लाख. खालचा आकडा मोठा तर वाटा लहान. म्हणून १:५०,००० चं प्रमाण ‘मोठं’, त्यात वाडी, विहीर, देऊळ, पायवाट सगळं येतं, पण एका कागदावर थोडाच मुलूख मावतो. पाच लाखवाल्यात अख्खा जिल्हा बसेल पण तुमची वाडी हुडकून सापडायची नाही.

आता आकड्यात सांगते कारण आकड्याशिवाय हे डोक्यात बसत नाही. १:५०,००० वर नकाशातला एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर. आपला गोवा तेरेखोलपासून खाली काणकोणच्या टोकापर्यंत साधारण १०५ किलोमीटर, म्हणजे या प्रमाणात तो झाला २१० सेंटिमीटर, दरवाजाएवढा उंच कागद लागेल. १:२,५०,००० घेतलं तर ४२ सेंटिमीटर, कॅलेंडरएवढा. आणि १:१०,००,००० वर साडेदहा सेंटिमीटर, खिशातल्या डायरीत मावेल. गोवा तोच. तुम्हाला तो भिंतीवर लावायचाय का खिशात घालायचाय, त्यावर प्रमाण ठरतं.

आणि एक गोष्ट जी पुस्तकात एका ओळीत असते पण आजच्या काळात सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. नकाशा झेरॉक्सवर मोठा केला की ‘१:५०,०००’ हा लिहिलेला आकडा खोटा होतो! कागद दुप्पट झाला, आकडा होता तसाच राहिला. पण खाली ती पट्टीसारखी रेघ असते ना, शून्य-एक-दोन किलोमीटर लिहिलेली, तिला रेषाप्रमाण म्हणतात, ती नकाशाबरोबर ताणली जाते आणि खरीच राहते. मोबाईलवर दोन बोटांनी नकाशा मोठा-छोटा करताना कोपऱ्यातली पट्टी बदलत असते ते हेच. म्हणून कोणाला स्क्रीनशॉट पाठवताना ती पट्टी कापू नका. मुलीला हे सांगा, दोन मार्क गेले ते गेले, पण वर्गात ही गोष्ट तिलाच ठाऊक असेल. मग कदाचित बोलेल.

आम्हाला शाळेत भारताची किनारपट्टी ७,५१६ किलोमीटर शिकवली. आता स्पर्धा परीक्षेचे क्लासवाले ११,०९८ सांगतात. समुद्र वाढला की काय? — कॉलेजचा विद्यार्थी, साखळी

समुद्र आहे तिथेच आहे रे बाबा, पट्टी बदलली.

जुना आकडा ज्या नकाशांवरून मोजला होता त्यांचं प्रमाण होतं १:४५,००,०००. वरच्या उत्तरातला हिशोब लाव. त्या नकाशावर अख्खा गोवा सव्वादोन-अडीच सेंटिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या एका पेराएवढा. आता एवढ्याशा पेरावर शापोरा, मांडवी, जुवारी, साळ, तळपण, गालजीबाग या सगळ्या नद्यांची मुखं, मुरगावचं नाक, बेतूलची खाचखळगी, हे कुठे दाखवणार? रेघ सरळ मारून टाकतात. नवीन मोजणी १:२,५०,००० च्या नकाशांवरून केली, त्यात गोवा ४२ सेंटिमीटर, मग प्रत्येक खाडीच्या आत रेघ वळते आणि बाहेर येते, लांबी वाढणारच. गृहमंत्रालयाच्या २०२३-२४ च्या अहवालात हा ११,०९८ चा आकडा आला.

तुला गंमत करून बघायची असेल तर मिरामारच्या वाळूवरून सरळ चालत जा आणि पावलं मोज. मग दोना पावलाच्या खडकांवर ये आणि पाण्याची कड सोडायची नाही असं ठरवून चाल, म्हणजे प्रत्येक खडकाला वळसा. थकशील. आणि तुझ्याजागी एखादी खेकडी चालली तर तिचा आकडा तुझ्याहून कितीतरी जास्त येईल कारण ती प्रत्येक भेगेत उतरणार. म्हणून किनाऱ्याची लांबी विचारली की आधी विचारायचं, कुठल्या प्रमाणावर? परीक्षेत मात्र तसं विचारू नकोस, नवा आकडा लिही.

टीचर, उत्तर वर कोणी ठरवली? देवाने? — मडगाव

प्रश्न खवचट आहे पण आवडला.

देवाने नाही ठरवली. मध्ययुगात युरोपातले ख्रिस्ती नकाशे पूर्व वर ठेवून काढायचे कारण त्यांच्या समजुतीत स्वर्ग पूर्वेला. अल् इद्रिसी नावाच्या भूगोलकाराने ११५४ मध्ये सिसिलीच्या राजासाठी जगाचा नकाशा केला त्यात दक्षिण वर होती, आज तो बघितला तर भारत ओळखायला मान उलटी करावी लागते. त्याच्याही आधी टॉलेमी या प्राचीन भूगोलकाराच्या परंपरेत उत्तर वर होती, पुढे होकायंत्र आणि दर्यावर्दी लोकांचे नकाशे आले आणि हळूहळू तीच पद्धत सगळीकडे रुळली. पद्धतच ती, जशी आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो.

आणि खरं सांगू का, आपल्या बोलण्यातलं ‘वर’ उत्तरेला नाहीच. आपण म्हणतो ‘वर घाटावर गेला’. म्हणजे किनाऱ्यावरच्या माणसाचं वर म्हणजे पूर्व, जिकडे सह्याद्री, आणि खाली म्हणजे पश्चिम, जिकडे दर्या. नदी वरून येते, खाली जाते. आपल्या आज्यापणज्यांनी गोव्याचा नकाशा काढला असता तर बहुतेक चोर्ला घाट कागदाच्या वरच्या कडेला आणि कळंगुट पायाशी आलं असतं, आणि पेडणे डावीकडे. काढून बघा एकदा तसा, पाच मिनिटं डोकं गरगरतं.

याच बरोबर दोघांनी विचारलंय की मोबाईलचा होकायंत्र चुकीची दिशा दाखवतो, काय करू. आधी कव्हर काढा. हल्ली फोनच्या कव्हरात लोहचुंबक असतो, तो सुईला खेचतो. ही तक्रार नवीन नाही बरं का. दों जुआंव द कास्त्रो, जो पुढे गोव्याचा व्हाइसरॉय झाला, तो १५३८ मध्ये लिस्बनहून इकडे येताना जहाजावर रोज होकायंत्राचे प्रयोग करायचा. त्याच्या लक्षात आलं की जवळ तोफ असली की सुई भलतीकडे बघते. मग गोव्याहून दीवला जाताना वसईजवळ सुई पुन्हा बिघडली तर त्याने अंदाज केला की हे तिथल्या खडकांमुळे होतंय. तोफेच्या जागी आता कव्हर आलं इतकंच! बाकी भौगोलिक उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांच्यात फरक असतोच, पण आपल्या भागात तो एखाद अंशाच्या आसपास म्हणजे सहलीला जाणाऱ्याने विसरला तरी चालेल असा.

होकायंत्र नकोच असेल तर अंगणात काठी उभी रोवा. भोवती दोरीने वर्तुळ काढा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळात शिरतं तिथे खूण करा, दुपारनंतर बाहेर पडतं तिथे दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेघ मिळाली. शंकू रोवून दिशा काढायची ही आपल्याकडची फार जुनी रीत आहे. फक्त ‘बारा वाजता सावली उत्तरेला’ असं धरून बसू नका, कारण आपलं घड्याळ ८२ अंश ३० मिनिटं रेखांशावर लावलेलं आहे आणि पणजी त्याच्या पावणेनऊ अंश पश्चिमेला, दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो साधारण १२:३५ ला, तेही दिवसागणिक थोडं पुढेमागे. आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत भर दुपारी सूर्य आपल्या उत्तरेला असतो, म्हणजे सावली चक्क दक्षिणेला पडते. पावसात कोण बघायला जातंय म्हणा.

रात्री सोपं आहे. ध्रुवतारा. हात सरळ लांब करून मूठ धरली तर ती आकाशात साधारण दहा अंश झाकते. क्षितिजापासून दीड मूठ वर बघा. ध्रुव इतका खाली का? कारण तो जितके अंश वर दिसतो तेवढाच आपला अक्षांश, साडेपंधराच्या आसपास.

लोकेशन पाठवताना मी आकडे टाइप केले आणि पाहुणा समुद्रात पोचला (म्हणजे मोबाईलवर). अक्षांश आधी की रेखांश? — होमस्टे चालवणारी, काणकोण

अक्षांश आधी, मग रेखांश. उलटे टाकले, म्हणजे ७३.८ आधी आणि १५.५ नंतर, तर तुमचा पाहुणा नॉर्वेच्याही उत्तरेला, स्वालबार्ड बेटांच्या खालच्या थंडगार समुद्रात जाऊन पडेल. तिकडे सोलकढी मिळत नाही.

पण मला वाटतं तुमची चूक दुसरी आहे, आणि ती जास्त लोक करतात. अंश-मिनिटं आणि दशांश यांची खिचडी. पणजी १५ अंश ३० मिनिटांच्या रेषेला लागून आहे. लोक ते टाइप करतात १५.३०. अहो एका अंशात साठ मिनिटं, तीस मिनिटं म्हणजे अर्धा अंश, म्हणजे १५.५! अक्षांशाचा एक अंश जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर भरतो, तुमची चूक शून्य पूर्णांक दोन अंशांची, म्हणजे बावीस किलोमीटर. पणजीचा माणूस तेवढ्यात मडगावच्या पट्ट्यात उतरला. रेखांशातही तीच चूक केली असेल तर सरळ अरबी समुद्र.

दशांशानंतर किती आकडे हवेत तेही सांगते. एक आकडा दिला तर अकरा किलोमीटरचा घोळ. दोन, तर एक किलोमीटर. तीन, शंभरेक मीटर. चार, अकरा मीटर, घराचं फाटक सापडायला हे पुरे. पाच दिले तर साधारण मीटरभर. त्यापुढचे आकडे लोक लिहितात आठ-आठ, ते नुसतं शोभेला. मोबाईलचा जीपीएस मुळात काही मीटर इकडेतिकडे असतो, तो तुमच्या तुळशीवृंदावनाची वीट सांगू शकत नाही.

ग्रीनलँड खरंच आफ्रिकेएवढं आहे? — म्हापसा

नाही. आफ्रिका त्याच्या चौदा पट. एवढंच कशाला, आपला भारतसुद्धा ग्रीनलँडच्या दीडपट आहे.

हा सगळा मर्केटर नावाच्या नकाशाकाराचा प्रताप, १५६९ चा नकाशा. लोक त्याला शिव्या देतात तेव्हा मला राग येतो, म्हणून जरा थांबून सांगते. गोव्यात फुटबॉल कापून बघितलेला एखादा मुलगा प्रत्येक गल्लीत असतो (माझ्या भावाने दोन कापले होते आणि मार खाल्ला होता). चामड्याचे ते पाच-सहा कोनी तुकडे सपाट असतात, शिवून हवा भरली की गोल होतात. आता उलटं करा, गोल चेंडूचा सपाट कागद करा. तुकडे सुटे ठेवले तर मध्ये भगदाडं, आणि भगदाडं नकोत तर कुठेतरी ताणावंच लागणार. तिसरा मार्ग नाही, हे गणितानेच सिद्ध केलंय. कुठे ताणायचं एवढंच नकाशा करणाऱ्याच्या हातात असतं, आणि त्यालाच प्रक्षेपण म्हणतात.

मर्केटरने ठरवलं की दिशा बिघडू द्यायची नाही. खलाशाने नकाशावर पट्टीने सरळ रेघ मारली आणि होकायंत्राचा तेवढाच कोन धरून जहाज हाकलं तर ते पोचलं पाहिजे. त्यासाठी ध्रुवाकडे जाताना सगळं ताणत न्यावं लागतं. साठ अंशांवर लांबी दुप्पट, क्षेत्रफळ चौपट. आपल्या साडेपंधरा अंशांवर लांबी फक्त चारेक टक्के वाढते, म्हणून आपल्याला काही जाणवत नाही आणि ग्रीनलँड मात्र फुगून बसतं. खलाशाला त्याचं काही नव्हतं, त्याला ग्रीनलँडमध्ये प्लॉट घ्यायचा नव्हता. हाच नकाशा पुढे शाळांच्या भिंतींवर टांगला गेला. त्यात मर्केटरचा काय दोष? देशांचे आकार तुलनेला हवेत तर समक्षेत्र प्रक्षेपणाचा नकाशा घ्या, त्यात क्षेत्रफळ बरोबर आणि आकार लांबुळके होतील. मोबाईलवरचे नकाशेही मर्केटरच्याच जातीचे, कारण गल्लीत वळताना काटकोन काटकोनच दिसला पाहिजे.

सत्तरीत ट्रेकला गेलो होतो. नकाशावर पाऊण किलोमीटर दिसत होतं, दोन तास लागले आणि गुडघे गेले. नकाशा खोटा होता का? — फोंडा

नकाशावर बारीक तपकिरी रेषा होत्या का? होत्या ना? त्या तुम्ही बघितल्याच नाहीत. समोच्चरेषा!

हे शिकवायला मी पूर्वी फळ्यावर वर्तुळं काढायचे आणि मुलं झोपायची. मग एक वर्ष मे महिन्यात सांग्याला गेले होते. साळावली धरणाचं पाणी उतरलं की बुडालेलं कुर्डी गाव वर येतं हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे, लोक जमतात, देवळाजवळ उत्सव करतात. मी मात्र काठाकडे बघत राहिले. पाणी जसजसं उतरत गेलं तसतसे काठावर पट्टे उमटलेले, एकाखाली एक, टेकडीच्या प्रत्येक वळणाला वळत गेलेले. एका पट्ट्यावरची सगळी ठिकाणं एकाच उंचीवर, कारण पाणी तिरकं उभं राहत नाही. तो पट्टा वरून बघून कागदावर उतरवला की झाली समोच्चरेषा. पुढच्या वर्षी वर्गात फोटो नेला, एकही मूल झोपलं नाही.

आता वाचायचं कसं. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या (सर्व्हे ऑफ इंडिया, १७६७ पासूनचा, मुख्यालय डेहराडून) १:५०,००० च्या शीटवर दोन रेषांमध्ये २० मीटरची चढण असते, आणि दर पाचवी रेष जाड, म्हणजे शंभर मीटर. समजा दोन रेषांत दोन सेंटिमीटर अंतर आहे, म्हणजे एक किलोमीटर चाललात तेव्हा कुठे वीस मीटर चढलात, गप्पा मारत जा. दोन मिलिमीटर अंतर असेल तर शंभर मीटरात वीस मीटर, घाम निघणार. आणि रेषा एकमेकीला चिकटल्या तर तो कडा, तिथे जायचंच नाही. दूधसागर ३१० मीटर, म्हणजे पंधरा रेषा एका ठिकाणी येऊन कोंबल्यासारख्या दिसणार. शिवाय नकाशावरचं अंतर हे आडवं, वरून बघितल्यासारखं. चढणीचं अंतर त्यात धरलेलं नसतं, आणि तुमच्या गुडघ्यांचं तर नाहीच.

एक खूण लक्षात ठेवा. समोच्चरेषेचं व्ही सारखं टोक डोंगराच्या वरच्या बाजूला वळलं तर तिथे ओहोळ आहे. खालच्या बाजूला वळलं तर सोंड. पावसात सोंडेवरून चाला, ओहोळातून नको.

आणि हो, त्याच शीटचा रंग आठवा, निळं पाणी, हिरवं जंगल, पिवळी शेती, लाल रस्ते. पिवळी शेती बघून मुलं विचारायची, टीचर आमची भातशेती तर हिरवी. बरोबरच आहे त्यांचं.

आमच्या जागेचा सर्वे प्लॅन आणि मोबाईलवरचा सॅटेलाइट फोटो जुळत नाही. शेजारी म्हणतो फोटो खरा. कोण खरं? — डिचोली

हा प्रश्न चौघांनी विचारलाय, म्हणजे चार वाड्यांत भांडणं चालू आहेत.

फोटो हा नकाशा नव्हे. फोटोत माडाचं झावळ दिसतं, कुंपणाची हद्द दिसत नाही. हद्द ही जमिनीवर नसतेच, ती कागदावर आणि दगडावर असते. सर्वे प्लॅन फार मोठ्या प्रमाणावर काढतात, समजा १:१००० असेल तर एक सेंटिमीटर म्हणजे दहा मीटर, आणि साध्या पेन्सिलीची अर्धा मिलिमीटर जाड रेघसुद्धा जमिनीवर अर्धा मीटर व्यापते. म्हणजे नुसत्या रेघेच्या जाडीवरून दोन भाऊ कोर्टात जाऊ शकतात, आणि जातात.

दुसरं कारण असं की पृथ्वी पूर्ण गोल नाही, जरा चपटी आहे, आणि तिचा आकार गणितात कसा धरायचा यावर सगळी मापं बसवलेली असतात. आपले जुने भारतीय नकाशे एव्हरेस्टच्या मापावर, ज्याचं नाव शिखराला दिलंय तोच तो जॉर्ज एव्हरेस्ट, आणि जीपीएस चालतो वेगळ्या जागतिक मापावर. एकावरचे अक्षांश-रेखांश उचलून दुसऱ्यावर तसेच टाकले तर सगळं गाव एका बाजूला सरकतं. मोबाईलवर प्लॅन चिकटवून ‘बघा तुमची विहीर माझ्यात येते’ म्हणणाऱ्याने बहुतेक हेच केलेलं असतं. माझ्याही माहेरी झालंय हे, दोन चतुर्थ्या शेजारी माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची आरास) बघायला आले नाहीत. शेवटी मोजणीदाराने येऊन जुने दगड शोधले, एक दगड फणसाच्या मुळात गिळलेला सापडला. तुम्हीही मोजणीचा अर्ज करा, आणि तोवर शेजाऱ्याशी बोलणं सोडू नका.

गोव्यात कधी नकाशे बनायचे का? — तिसवाडी

बनायचे की. सोळाव्या शतकात फर्नांव वाझ दोरादो नावाचा नकाशाकार गोव्यात बसून जगाचे अॅटलास काढायचा, १५६८ आणि १५७१ चे आजही आहेत, हाताने रंगवलेले, सोनेरी नक्षीचे. आणि डच माणूस लिन्स्कोटेन इथे आर्चबिशपकडे नोकरीला होता, १५८३ ते १५८८, तो परत जाऊन पुस्तक लिहितो १५९६ मध्ये, त्यात गोवा शहराचा मोठा नकाशा, बाजार, रस्ते, देवळं नव्हे इगर्जी, सगळं. पोर्तुगीजांनी जपून ठेवलेली समुद्रमार्गांची माहिती त्या पुस्तकातून डच आणि इंग्रजांच्या हाती लागली, आणि पुढे काय झालं ते इतिहासाच्या टीचरला विचारा.

तसं म्हटलं तर आपल्या तालुक्यांची नावंच अर्धा नकाशा आहेत, तिसवाडी म्हणजे तीस वाड्या, सासष्टी म्हणजे सहासष्ट गावं. मोजलेलं दिसतंय कोणीतरी.

टीचर मी सहावीत आहे. मला आमच्या दिवाडी बेटाचा नकाशा स्वतः काढायचा आहे. पप्पा म्हणतात गूगलवर आहे. — दिवाडी

पप्पांना सांग, गूगलवर आहे तो गूगलचा.

आधी तुझं पाऊल मोज. टेपने पन्नास मीटर मोजून घे, नेहमीसारखं चाल, पावलं मोज. तीनदा कर आणि सरासरी काढ. आता तुझ्याकडे आयुष्यभराची पट्टी आहे (दोन वर्षांनी उंची वाढली की परत मोजायला लागेल). फेरीच्या धक्क्यापासून निघ, रस्ता वळला की किती पावलं झाली आणि कुठल्या दिशेला वळलास ते वहीत लिही. घरी येऊन शंभर मीटरला एक सेंटिमीटर धर.

पण सगळीकडे चालत जाता येत नाही, मध्ये खाजन (खाडीकाठची) शेती आहे, चिखल आहे. तिथे त्रिकोण वापरायचा. टेकडीवरची इगर्ज सगळीकडून दिसते ना? सरळ बांधावर दोन जागा धर, मधलं अंतर दोरीने नीट मोज, तीनशे मीटर तरी असू दे, कमी असेल तर चूक फार वाढते. पहिल्या जागी उभा राहून बांध आणि इगर्ज यांच्यातला कोन कोनमापकाने मोज, मग दुसऱ्या जागेवरून मोज. घरी कागदावर बांधाची रेघ काढ, दोन्ही टोकांना ते कोन काढ, रेघा जिथे भेटतील तिथे इगर्ज. एक पाऊलही न टाकता अंतर मिळालं! पप्पांना बरोबर ने, बांधावर एकटं जायचं नाही, आणि पावसात तर मुळीच नाही.

अख्खा भारत असाच मोजला. १८०२ मध्ये लॅम्बटन नावाच्या अधिकाऱ्याने मद्रासला सुमारे बारा किलोमीटरची पहिली रेघ साखळीने मोजली आणि तिच्यावर त्रिकोणाला त्रिकोण जोडत लोक पुढे हिमालयापर्यंत गेले. त्याचं कोन मोजायचं यंत्र अर्धा टन वजनाचं होतं, १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळाच्या गोपुरावर चढवताना ते आदळून वाकडं झालं, तर त्याने स्वतः बसून ठोकून ठोकून सरळ केलं. तेव्हा तुझा कोनमापक चिखलात पडला तर रडू नकोस, धुऊन घे.

कागदाच्या कोपऱ्यात उत्तरेचा बाण, रेषाप्रमाण, तारीख आणि चिन्हांची सूची हवी. काय दाखवायचं ते तू ठरव, सगळं दाखवायला गेलास तर काहीच दिसणार नाही. पोदेर (पाववाला) कुठे थांबतो, कुठल्या आंब्याचे आंबे कोणी ओरडत नाही, हे गूगलवर नाहीये. कुंभारजुव्याच्या बाजूला मगर दिसते म्हणतात, ती जागा ठाऊक असेल तर तीही टाक, चिन्ह तुला हवं ते कर, फक्त सूचीत लिहायला विसरू नकोस आणि मला एक झेरॉक्स पाठव.